एकच बूट दोनदा

प्रिय रुचिर,

तुला आणि सौ. जाईला माझे भरभरून आशीर्वाद. आपल्या नर्स कादंबरीच्या हाती डबा पाठवतेय. त्यात नारळाच्या वड्या आहेत आणि वड्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, हे पत्र. तुझी सवय मला ठाऊक आहे, आधी वड्या आणि मग बाकीचं जग. या वेळी मात्र उलटं कर. फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" करत लॅपटॉपवर बोटं चालवत राहतोस, ते मला इकडे ऐकू येतं. व्हॉट्सॅपवर लिहिलं असतं तर दोन निळ्या खुणा उमटल्या असत्या आणि विषय संपला असता. हातात कागद आला की माणूस निदान खाली बसतो. तेव्हा तू खाली बस, पंखा लाव आणि वाच.

इकडे म्हणायला सगळं ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना आता माझ्याशिवाय आहे तरी कोण. आमच्या ब्लॉकच्या लिफ्टचं काम निघालंय, म्हणून भाजी आणायची तर जिने चढायचे. पितृपंधरवडा चालू आहे. यांची तिथी होऊन गेली, मी आपली घरच्या घरी खीर-वडे केले आणि कॉरिडॉरच्या कठड्यावर घास ठेवला. आमच्या बेडोकचे कावळे कुठे गेलेत कोण जाणे, साळुंकीने खाल्ला. यंदा चिनी शेजाऱ्यांचाही पितरांचा महिना नेमका आपल्याच पंधरवड्यात आलाय. संध्याकाळ झाली की खाली पत्र्याच्या पिंपात कागदाचे कपडे, कागदाची घरं जळायला लागतात. धूर वर येतो, वाळत घातलेल्या चादरींना वास लागतो. काल भात निवत ठेवला होता, त्यावर राखेची एक पापडी येऊन बसली. मी ती बोटाने उचलली आणि उगाच किती तरी वेळ बघत राहिले. अशा दिवसांत आपली फायनल. हॉल मिळाला तोच मुळी या रविवारचा. लीगची मेधा म्हणाली, "मावशी, सोडतीत हॉल लागला हेच नशीब, इथे पंचांग कोण विचारतो?" मी पण हसले. मग घरी येऊन पंचांग पुन्हा उघडून बघितलं.

तुला तो दसरा आठवतो का रे? कोव्हिडच्या आधीचा, क्लेमेंटीच्या त्या हॉलमधला. आपल्या लीगमध्ये नवे खेळाडू घ्यायची ती पद्धत मला अजून जगातली सगळ्यात देखणी वाटते. मुलं तिला ड्राफ्ट म्हणतात, आम्ही म्हणायचो सोनं वाटणं. वर्षभरात पुण्या-मुंबईहून जे नवे इथे परदेशी नोकरीला आले आणि ज्यांना बास्केटबॉल खेळायचाय, ते सगळे भिंतीशी रांगेत उभे. आदल्या वर्षी जी टीम शेवटची, तिची पहिली पाळी. पाळी आली की आपल्याला हव्या त्या खेळाडूपाशी जायचं आणि त्याच्या हातात पान द्यायचं. आपट्याचं नाही, इथे कुठला आपटा. रस्त्याकडेच्या कांचनाचं, तेही गळालेलं, कारण तोडलं तर दंड. पान हातात आलं की तो तीन मोसम त्या टीमचा. तीन मोसम झाले की मोकळा, हवं तिकडे जा. तू बँकेतून तसाच आला होतास, फॉर्मल बूट घालून. सगळे उंच उंच उचलले गेले आणि तू आणि अंकुर राहिलात. तू घाबरून गप्प आणि अंकुर घाबरून बडबडा. मला म्हणाला, "काकू, आम्हाला दोघांना एकच पान दिलं तरी चालेल." मी दोघांनाही बेडोकची पानं दिली. बाकीच्या टीमवाल्यांनी तोंडावर हात धरले, ते मी पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मला तरी तेव्हा काय येत होतं? शाळेत ठाण्याला खो-खो खेळले होते, तेवढीच शिदोरी. यांची बँकेतली नोकरी आणि माझं घर, यात निम्मं आयुष्य गेलं. खालच्या कोर्टवर मुलं खेळायची ती स्वयंपाक करता करता बघायचे. मग लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणलं आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. बाकीचं तुम्हीच शिकवलंत. पण खो-खोमुळे एक गोष्ट माझ्या अंगात होती. पाटीवर पाठमोरं बसलं की मागून येणाऱ्याच्या श्वासावरून कळायचं, तो दमलाय की नुसता सोंग करतोय. तेच मी तुम्हाला लावलं. हात मागे बांधून अडवायला शिकवलं, आठवतंय? "माणूस अडवायचा तो पायांनी, हात लावलात तर आज जेवण नाही." आणि एकमेकांकडे बघायला शिकवलं. कोणाचा खांदा पडलाय, कोण पाणी पितोय आणि कोण नुसतीच बाटली तोंडाला लावतोय. टीम घरी घडवायची म्हणजे विरजण लावण्यासारखं असतं, झाकून ठेवायचं आणि घाई करायची नाही. कधी फसतं, कधी आंबट होतं. पण लागलं की चमचा उभा राहतो.

अंकुरचं ते बूट पुसणं त्याच दिवसांतलं. बुटाचा तळ हाताने सगळेच पुसतात, पाय घसरू नये म्हणून. अंकुर मात्र दम तुटला की वाकायचा आणि एकच बूट दोनदा पुसायचा. वाकून श्वास घ्यायला मिळावा आणि कोणाला कळू नये म्हणून. हे पहिल्यांदा तू ओळखलंस, मी नाही. आणि दुसरी खूण म्हणजे त्याचं तोंड बंद व्हायचं. एरवी त्याचं अखंड चालू. "ए खांबा, हल की जरा!" "रुचिर, तुझ्या लग्नात तरी पास देणार आहेस का?" समोरच्या टीमची मुलं खेळायचं सोडून हसायची. तो गप्प झाला आणि तोच बूट पुन्हा पुसला, की तू माझ्याकडे बघायचास आणि मी टाइमआउट मागायचे.  तो येऊन बसायचा, मी पाठीवर हात फिरवायचे. "लहानपणचा दमा आहे मावशी, जातो आपोआप," म्हणायचा. कोणत्या पुस्तकात आहे हे? एका ताटात वर्षानुवर्षं जेवल्यावर जे कळतं ते.

तुझे तीन मोसम झाले, मग आणखी काही तू मायेने काढलेस आणि मग क्वीन्सटाउनच्या टीममध्ये गेलास. त्यात तुझं काही चुकलं नाही. घर तिथे, ऑफिस तिथे, आणि मोकळा झालेल्या माणसाने मोकळं व्हायलाच हवं. आणि खरं सांगायचं तर माझ्या विरजणाला कप कधी लागला नाही. दोनदा दुसरे आलो, एवढंच. तुला जायचं होतं तेव्हा मी पोळ्यांचा डबा बांधून दिला होता, तो परत द्यायला तू आला नाहीस, एवढंच काय ते माझ्या मनात. अंकुरच्या मनात मात्र जास्त होतं. तुझ्या जागी कॅप्टन त्याला व्हायचं नव्हतं, त्याला तू हवा होतास. तेव्हापासून तुम्ही दोघं समोर आलात तर बुटांकडे बघता, हे मला जाईनेच सांगितलं.

मग गेल्या मोसमात प्रबोध आला. तो मुलगा वाईट नाही, उगाच खोटं कशाला बोलू. फायनान्समधला, झटपट, नमस्कार वाकून करतो. बेडोकची टीम त्याने हातात घेतली आणि म्हणाला, "मावशी, ड्राफ्टमध्ये वेळ जातो. नवा मुलगा घडेपर्यंत तो बदली होऊन टोकियोला जातो. त्यापेक्षा जे तयार आहेत, मोकळे आहेत, ते आणायचे. फ्री एजंट." एका उन्हाळी सुट्टीत त्याने टीम उभी केली. एक निशिकांत म्हणून उंच मुलगा आणला, तोच आता कॅप्टन. एक कुशल म्हणून नेमबाज, तो क्लेमेंटीच्या टीममधून मोकळा झाला होता. आणखी कोणी कोणी. गार हॉलमध्ये सराव, सगळ्यांना सारखे बूट, पाय दाबायला माणूस. माझी घडवलेली मुलं एकेक करून "बॅकअप" झाली आणि मग यायचीच थांबली. मला टीशर्ट दिला, त्यावर "मानद सल्लागार" छापलंय, आणि स्टँडमध्ये पहिल्या रांगेत खुर्ची. कोर्टापासून लांब, पण गादीची. आणि टीम जिंकायला लागली, रुचिर. नुसती जिंकत नाही, फडशा पाडते. दुकानातलं दही कधी आंबट होत नाही, हेही मान्य करायला हवं. खेळतात सुंदर. फक्त एकमेकांकडे बघत नाहीत. बॉल कुठे जाणार ते प्रत्येकाला पाठ आहे, त्यामुळे माणसाकडे बघावं लागत नाही. सामना संपला की पाचही जण पाच दिशांना कानात यंत्रं घालून जातात. निशिकांतला अंकुरच्या बायकोचं नाव माहीत नाही, मी विचारून पाहिलं.

जुन्यांपैकी पाचात राहिला एकटा अंकुर. तो तिथे कसा टिकलाय ते मी बघतेय. तिशी ओलांडलेला माणूस विशीतल्यांच्या बरोबर पळतोय, आणि बाकावर त्याच्या जागेसाठी दुसरा मोकळा खेळाडू गुडघे हलवत बसलेला. एक दिवस बसला की बसलाच, हे त्याला कळतं. प्रणिता बाळंतपणासाठी पुण्याला आईकडे गेलीय, दिवस भरत आलेत. हा एकटा, म्हणून शनिवारी माझ्याकडे थालीपीठ खायला येतो. मागच्या महिन्यात तांदळाची पिशवी घेऊन जिना चढत होता. प्रत्येक मजल्यावर थांबायचा आणि म्हणायचा, "मावशी, इथून व्ह्यू काय मस्त आहे!" कसला व्ह्यू, समोरच्या ब्लॉकची वाळत घातलेली कापडं. वर आला आणि पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून बसल्या बसल्या झोपला. ओठांचा रंग मला आवडला नाही. जांभूळ खाल्ल्यावर धुतलेल्या तोंडासारखा. उठल्यावर मी कान धरला तेव्हा कुठे बोलला. MRT स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर डोळ्यांपुढे काळं आलं होतं. मागच्या बाईने धरलं म्हणून वाचला. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने नाडी धरली, पुन्हा धरली, म्हणाला ठोके चुकतायत, मोठ्या डॉक्टरला दाखवा, तोवर जपा. मोठ्या डॉक्टरांची तारीख मिळाली होती या आठवड्यातली. ती याने पुढे ढकलली. फायनलच्या नंतरची घेतली. "एवढा एक कप, मावशी. बाळ आलं की त्याच्या शेजारी ठेवून फोटो काढायचाय. मग तू म्हणशील त्या डॉक्टरला दाखवतो." आणि हसला. त्याचं हसणं तुला माहीत आहे, समोरच्याला वाटतं आपणच उगाच घाबरतोय.

मी घाबरले नसते, पण मग सेमीफायनल पाहिली. शेवटचा डाव चालू होता. ढोल, ताशा, स्पीकर, मुलाबाळांचा कल्ला. मी गादीच्या खुर्चीत. अंकुर गप्प होता. मी आधी नीट लक्ष दिलं नाही, कारण त्या टीममध्ये सगळेच गप्प असतात. मग तो वाकला आणि डावा बूट पुसला. थोडं पळाला आणि पुन्हा वाकला. तोच, डावा. मी उभी राहिले. "टाइमआउट! प्रबोध, टाइमआउट!" शेजारच्या बाईला वाटलं मी टीमला चिअर करतेय, तिने माझ्याबरोबर टाळ्या वाजवल्या. खाली प्रबोध टॅबमध्ये बघत होता. निशिकांतने अंकुरला काय म्हणावं? "बूट काय पुसतोस, फरशी कोरडी आहे! पळ!" आणि तो पळाला रे. शेवटची बास्केट त्यानेच केली. पोरांनी त्याला उचलून घेतलं, सगळे नाचत होते आणि त्या सगळ्या हातांच्या वर त्याचं डोकं असं मागे गेलं होतं, मान नसल्यासारखं. क्षणभरच. मग सरळ झालं आणि त्याने हात हलवला. मी खाली पोचले तेव्हा त्याचा तळहात धरला. इतक्या घामात बर्फासारखा गार. माझ्याकडे बघून पुटपुटला, "तुला दिसलं ना?" मी म्हटलं दिसलं. तर म्हणतो, "फक्त तुलाच दिसतं, म्हणून चालतं."

त्या दिवसापासून मी दारोदार फिरतेय. प्रबोधला गाठलं. तो म्हणाला, "मावशी, फिटनेस सर्टिफिकेट आहे त्याचं. तुम्ही कशाला लोड घेता?" ते सर्टिफिकेट मोसमाच्या सुरुवातीचं आहे. तेव्हा ठोके चुकत नव्हते की कोणी मोजलेच नव्हते, देव जाणे. मेधाकडे गेले. तिने शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाली खेळाडूने स्वतः मी ठीक आहे म्हणून सही केली असेल तर लीग त्याला बाहेर काढू शकत नाही. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, नव्या पद्धतीशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, मला समजतं." मला आधी कळेना ती काय म्हणतेय. मग कळलं. सगळ्यांना वाटतंय की म्हातारीला बाकावरून उठवलं म्हणून म्हातारी अपशकुन करत फिरतेय. घडवलेल्या टीमची बाई, आणलेल्या टीमचं बरं बघवत नाही. आणि मी वर्षभर दही-विरजण, दही-विरजण करत सगळ्यांचे कान खाल्लेत, त्यामुळे कोणाला दोष देऊ? आता मी आग लागली म्हणून ओरडले तरी त्यांना वाटेल मी चुलीबद्दलच बोलतेय.

अंकुरला तर मी हात जोडले. तो पाया पडला, थालीपीठ बांधून घेतलं आणि सरावाला गेला. प्रणिताला सांगावं म्हणून पुण्याला फोन लावला. ती इतकी आनंदात होती. बाळ लाथा मारतं, ड्रिब्लिंगच करतं म्हणाली, अगदी बाबावर गेलंय. आता, दिवस भरलेल्या पोरीला मी हे कोणत्या तोंडाने सांगू? डिंकाचे लाडू कसे बांधायचे ते तिला सांगितलं, जे तिला तिच्या आईने आधीच सांगितलं होतं, आणि फोन ठेवला. मग ओट्याला धरून उभी राहिले. खाली कागद जळत होते.

तुला वाटेल आता मी म्हणणार, तू अंकुरशी बोल. त्याचा विचार करून झाला. फायनल तुझ्याच टीमशी आहे. समोरच्या टीमच्या कॅप्टनने येऊन "तू खेळू नकोस" म्हटलं, तर तो काय समजेल? तू त्याला ओळखतोस. जो थोडा कचरत असेल तोही छाती काढून उतरेल. आणि प्रबोध म्हणेल, बघा, क्वीन्सटाउन घाबरलं. तेव्हा रविवारपर्यंत त्याला काही बोलू नकोस, हे पत्र मिळालं म्हणूनही सांगू नकोस. तुझ्या टीमलाही नाही. तुझी टीम चांगली आहे, पण गंमत म्हणून कोणी बोलून जाईल.

एक दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीये. आपल्या ब्लॉकखाली पांढरे पडदे लागले होते, चौथ्या मजल्यावरच्या चिनी आजोबांचे. शवपेटी तिथेच खांबांमध्ये, आणि घरचे गोल टेबलांभोवती बसलेले. कोर्ट पलीकडेच. आपला नियम होता, खाली मयत असेल तोवर बॉल आपटायचा नाही. पण एक नवा मुलगा आला होता, त्याला माहीत नव्हतं, आल्या आल्या धपधप सुरू झाला. तुम्ही सगळे लांबून ओरडत राहिलात. अंकुर एकटा धावत गेला, बॉल काढून घेतला आणि पोटाशी दोन्ही हातांनी धरून नुसता उभा राहिला. हलला नाही. पडद्याआडून त्या आजोबांची म्हातारी बाहेर आली, त्याच्याकडे बघून मान लववली आणि आत गेली. तेव्हा तो मला म्हणाला होता, "मावशी, माझी वेळ आली तर मला नको हं खाली आणू, मला वरच ठेव, इथे फार उकडतं." आपण किती हसलो होतो. पुढे कित्येक दिवस तू त्याला "वरचा" म्हणून हाक मारायचास.

तर रविवारचं ऐक. हॉलमध्ये जाऊन आलेय. लिफ्टजवळ असतं तसं हृदयाला झटका द्यायचं यंत्र दाराच्या उजवीकडे भिंतीवर आहे, आत दिवा चालू आहे, मी बघितलं. कम्युनिटी सेंटरच्या वर्गात ते चालवायला शिकले होते, कादंबरी तर नर्सच आहे. ती माझ्या शेजारी बसणार आहे. मी गादीची खुर्ची सोडून दाराजवळच्या पायरीवर बसेन. पण पायरीवरून मला त्याचे बूट दिसणार नाहीत. त्याच्या टीमला ते दिसतात, पण वाचता येत नाहीत. त्या कोर्टवर उतरणाऱ्या दहा जणांत ते वाचता येणारा एकच आहे आणि तो दुसऱ्या रंगाचा शर्ट घालून उतरणार आहे. म्हणून हे पत्र, बाळा. तो गप्प झाला, आणि त्याने एकच बूट दुसऱ्यांदा पुसला, की स्कोअरकडे बघू नकोस, घड्याळाकडे बघू नकोस. किती मिनिटं उरलीत, किती गुणांनी पुढे आहात, काही नाही. बॉल तुझ्याकडे असेल तर पोटाशी धरून उभा राहा, त्याने धरला होता तसा. तुझीच पोरं शिव्या घालतील, घालू देत. शिट्टी होईल, बॉल जाईल, जाऊ दे. आणि बॉल त्यांच्याकडे असेल तर सरळ त्याच्यापाशी जा आणि त्याला मिठी मार. घट्ट धर, खाली बसव, सोडू नकोस. रेफरी फाऊल देईल, घे. दुसरा देईल, तोही घे. कपाचं पाणी होईल कदाचित तुझ्या, ते मला कळतंय, आणि त्याच्याही. तो चिडेल, ढकलेल, सगळ्यांदेखत काय वाटेल ते बोलेल. बोलू दे. बोलतोय तोवर बरंच आहे. इतकी वर्षं मी तुम्हाला हात मागे बांधून खेळायला शिकवलं. रविवारी हात लाव.

तुझीच,
साधनामावशी